निधी-संकलनाचा कार्यक्रम रद्द झाल्यावर युवा संस्थांनी पैसा कसा उभा करावा

निधी-संकलनाचा कार्यक्रम रद्द करावा लागला की अनेक संस्था कामाचा क्रम उलटा धरतात. त्या आधी जाहीर निवेदन काढतात, त्याच संध्याकाळी देणगीचे आवाहन करतात, आणि विकलेल्या तिकिटांच्या पैशांचा प्रश्न ‘बघू नंतर’ म्हणून बाजूला ठेवतात. परिणामी, ज्या लोकांनी आधीच पैसे भरले आहेत तेच सर्वांत आधी नाराज होतात. मुले, किशोरवयीन आणि तरुण यांच्यासाठी काम करणाऱ्या लहान व मध्यम संस्थांचे विश्वस्त, खजिनदार आणि कार्यकर्ते यांच्यासाठी हा लेख आहे. त्यातील टप्प्यांचा क्रम शक्यतो बदलू नये, कारण जवळजवळ प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यात मिळालेल्या माहितीवर उभा आहे.

१. घोषणेआधीची तयारी

कार्यक्रम होणार नाही हे मनाशी ठरले तरी तसे लेखी कळवण्याआधी सर्व करार समोर घेऊन बसावे. सभागृह, मंडप, ध्वनियंत्रणा, छपाई, कलाकार या प्रत्येकाला दिलेली आगाऊ रक्कम परत मिळेल की नाही, हे बरेचदा कार्यक्रम कोणी रद्द केला यावर ठरते. प्रशासनाने बंदी घातली किंवा सभागृहाने स्वतःहून दारे बंद केली, तर पैसे परत मागता येण्याची शक्यता असते. संस्थेने घाईने दोन दिवस आधीच रद्द केल्याचे पत्र पाठवले, तर तीच रक्कम बुडू शकते. कार्यक्रमाचा विमा उतरवला असेल तर विमा कंपनीला किती मुदतीत कळवायचे आहे तेही याच वेळी पाहावे.

रद्द करणे आणि पुढे ढकलणे यांतला फरकही पैशांतला आहे. पुढची तारीख दिल्यास पुरवठादार आगाऊ रक्कम तशीच धरून ठेवण्यास सहसा तयार होतात. परंतु तारीख खरोखर पाळता येणार असेल तरच ती द्यावी. दोनदा पुढे ढकलून अखेर रद्द केलेला कार्यक्रम हा सर्वांत महाग पडतो, कारण तोपर्यंत तिकीटधारकांचा आणि प्रायोजकांचा संयम संपलेला असतो.

निर्णय कार्यकारिणीच्या बैठकीत घ्यावा आणि इतिवृत्तात नोंदवावा. त्यानंतर कोणाला कोणत्या क्रमाने कळवायचे त्याची यादी करावी. कार्यक्रमात नाच, नाटक किंवा गाणे सादर करणाऱ्या मुलांना ही बातमी समाजमाध्यमावरून कळता कामा नये. त्यांना आणि त्यांच्या पालकांना आधी सांगावे, मग प्रायोजकांना, मग तिकीटधारकांना आणि शेवटी सर्वांना.

तपासणी: प्रत्येक कराराच्या पुढे ‘परत मिळणार’, ‘मिळणार नाही’ किंवा ‘बोलणी चालू’ असा शेरा लिहिला गेल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याकडे जाऊ नये.

२. नेमकी तूट काढणे

येथे सर्वाधिक गोंधळ होतो. कार्यक्रमातून जेवढी रक्कम जमा होणार होती तेवढी तूट आली, असे धरले जाते आणि तोच आकडा आवाहनात छापला जातो. जमा रक्कम आणि उरणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा, कार्यक्रमातून एकूण १० लाख जमा होतील असा अंदाज होता: तिकिटांतून ४ लाख, प्रायोजकांकडून ४ लाख आणि त्या दिवशी मिळणाऱ्या देणग्यांतून २ लाख. खर्च ४ लाख होणार होता. म्हणजे संस्थेच्या कामाला ६ लाख मिळणार होते. आता त्या खर्चापैकी १ लाख आधीच दिला गेला असून तो परत मिळणार नाही, असे धरले तर भरून काढायची तूट ७ लाखांची होते, १० लाखांची नव्हे. पुढे, विकल्या गेलेल्या ३ लाखांच्या तिकिटांपैकी निम्मी रक्कम लोकांनी संस्थेकडेच राहू दिली आणि प्रायोजकांनी ४ पैकी ३ लाख कायम ठेवले, तर साडेचार लाख नवे आवाहन करण्याआधीच हाती येतात. उरते अडीच लाखांचे काम. दहा लाखांच्या नावाने घाबरून गेलेली कार्यकारिणी अडीच लाखांच्या कामाचे नियोजन शांतपणे करू शकते, आणि देणगीदारांनाही खरा आकडा कळतो.

यासोबत दुसरे कोष्टक तयार करावे ते म्हणजे पैसे कधी लागणार आहेत याचे. प्रशिक्षकांचे मानधन, समुपदेशकाचे वेतन, अभ्यासिकेचे भाडे, मुलांचा प्रवासखर्च यांच्या तारखा महिन्यावार मांडाव्यात. काही वेळा असे दिसते की तूट मोठी असली तरी पहिले तीन महिने निभावतात. काही वेळा उलट, तूट लहान असूनही पुढच्याच महिन्याचे वेतन अडते. आवाहनाची भाषा यावरून ठरते. अडचण नसताना ‘काम बंद पडेल’ असे लिहिणे खोटेपणाचे आहे, आणि पुढच्या वेळी खरी अडचण आल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

सावधान: एखाद्या ठरावीक उपक्रमासाठी मिळालेला निधी ही तूट भरण्यासाठी ‘तात्पुरता’ वळवू नये. तसे करायचेच असेल तर देणाऱ्याची लेखी संमती आधी घ्यावी.

३. तिकिटांचे पैसे

तिकीटधारकांना पूर्ण परतावा, रक्कम देणगी म्हणून ठेवणे, किंवा तारीख पक्की असल्यास पुढच्या कार्यक्रमाचे तिकीट, असे पर्याय एकाच संदेशात द्यावेत. परताव्याचा पर्याय सर्वांत आधी लिहावा आणि तो मिळवणे सर्वांत सोपे ठेवावे. अनेक कार्यकर्त्यांना हे पटत नाही. परतावा शोधून काढावा लागला तर लोक कंटाळून पैसे सोडून देतील, असा त्यांचा हिशेब असतो. तसे पैसे सुटतीलही, पण ती माणसे पुन्हा तिकीट घेणार नाहीत. ज्याला सहज परत मिळत होते आणि तरीही ज्याने ठेवू दिले, तोच पुढे नियमित देणगीदार होतो.

संदेश कसा असावा याचा एक नमुना पुढे दिला आहे.

‘सप्रेम नमस्कार. शनिवारी होणारा आपल्या संस्थेचा संगीताचा कार्यक्रम रद्द करावा लागला आहे. आपण घेतलेल्या दोन तिकिटांची पूर्ण रक्कम आपल्याला परत मिळेल. त्यासाठी या संदेशाला “परतावा” एवढेच उत्तर पाठवावे. दहा दिवसांत रक्कम जमा होईल. ती संस्थेकडेच राहावी अशी आपली इच्छा असल्यास “देणगी” असे कळवावे. तिच्यातून संध्याकाळच्या अभ्यासिकेचा पुढील तीन महिन्यांचा खर्च भागवला जाईल आणि आपल्याला देणगीची स्वतंत्र पावती मिळेल. १५ तारखेपर्यंत आपले उत्तर न आल्यास रक्कम परत केली जाईल.’

शेवटचे वाक्य गाळू नये. उत्तर न देणे म्हणजे देणगीला संमती, असे गृहीत धरणे ही या टप्प्यातील सर्वांत मोठी चूक आहे. जिथे देणगीवर करसवलत मिळते तिथे तिकिटाची जुनी पावती सहसा चालत नाही, कारण तिकीट ही काही मोबदल्यात दिलेली रक्कम असते; म्हणून देणाऱ्याचा होकार जपून ठेवावा आणि देणगीची पावती नव्याने द्यावी. ऑनलाइन विकलेल्या तिकिटांचा परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने करावा, आणि पेमेंट गेटवेने (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेने) कापलेले शुल्क बहुधा परत येत नाही हे तुटीच्या हिशेबात धरावे.

सावधान: तिकीट काढताना दिलेला फोन क्रमांक हा त्या कार्यक्रमासाठी दिलेला असतो. त्यावर पुढील सर्व आवाहने पाठवण्याआधी संबंधिताची परवानगी घ्यावी.

४. प्रायोजकांशी बोलणी

प्रायोजकाने पैसे दिले ते काही अंशी संस्थेच्या कामासाठी, काही अंशी व्यासपीठावरील फलकासाठी. फलक आता लागणार नाही. त्यामुळे ‘रक्कम कायम ठेवावी’ अशी नुसती विनंती न करता बदल्यात काय देता येईल हे ठरवून मगच फोन करावा: वार्षिक अहवालात उल्लेख, आवाहनाच्या प्रत्येक पत्रकावर नाव, त्यांच्या कर्मचाऱ्यांना मुलांना मार्गदर्शन करण्याची संधी, किंवा पुढच्या कार्यक्रमात पहिला मान.

यापेक्षाही चांगला उपाय म्हणजे प्रायोजकत्वाची रक्कम जुळत्या देणगीत बदलून घेणे. ‘लोक जेवढे देतील तेवढीच भर आम्ही घालू, अमुक मर्यादेपर्यंत’ असे प्रायोजकाने जाहीर केले की त्याचे नाव आवाहनाच्या प्रत्येक दिवशी लोकांसमोर राहते, आणि लहान देणगीदारालाही आपल्या रकमेचे वजन दुप्पट झाल्याचे समाधान मिळते. म्हणूनच प्रायोजकांशी बोलणे सार्वजनिक आवाहनाच्या आधी पुरे व्हायला हवे. आवाहन सुरू झाल्यावर मिळालेल्या जुळत्या देणगीचा निम्मा उपयोग वाया जातो. मात्र लोकांनी काहीही दिले नाही तरी प्रायोजक पूर्ण रक्कम देणारच असेल, तर तिला जुळती देणगी म्हणू नये. ती फसवणूक ठरते.

बदललेल्या अटी एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. तोंडी होकार देणारी व्यक्ती सहा महिन्यांनी त्या पदावर असेलच असे नाही.

५. ओळखीच्या देणगीदारांना फोन

कार्यक्रमाच्या रात्री मोठ्या रकमा कोणत्या क्षणी येतात हे आठवून पाहावे. कोणीतरी ओळखीचा माणूस शेजारी बसून ‘तुम्हीही काही द्या ना’ म्हणतो तेव्हा. तो शेजार समाजमाध्यमावरील आवाहनात नसतो, फोनमध्ये थोडाफार असतो. म्हणून प्रत्येक विश्वस्ताने आणि ज्येष्ठ कार्यकर्त्याने आपल्या ओळखीच्या आठ-दहा जणांची यादी करून स्वतः फोन करावा. त्याआधी विश्वस्तांनी आपापली देणगी जमा करावी, रक्कम कितीही लहान असो. ‘आपण स्वतः किती दिले?’ हा प्रश्न येतोच.

फोनवर आधी कार्यक्रम रद्द झाल्याचे सांगावे, मग एखादे नेमके काम आणि त्याचा खर्च सांगावा, मग रक्कम मागावी: ‘अभ्यासिका मार्चपर्यंत चालू ठेवायची आहे. एका महिन्याचे भाडे आपण उचलाल का?’ एवढे बोलून थांबावे. येथे बहुतेकांचा धीर सुटतो. समोरचा विचार करत असतो आणि आपण घाईने ‘म्हणजे कमी दिले तरी चालेल, नाही जमले तरी हरकत नाही’ असे म्हणून त्याची सुटका करून टाकतो. शांतता लांबली तरी पुढचे वाक्य समोरच्याला बोलू द्यावे. नकार आल्यास मनापासून आभार मानावेत आणि कामाची माहिती पाठवत राहू का, एवढे विचारावे.

तपासणी: तुटीचा निदान तिसरा भाग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या टप्प्यांतून मिळून भरला गेला की मगच सार्वजनिक आवाहन उघडावे. शून्यावर उभ्या असलेल्या आवाहनाला पहिली देणगी मिळणे फार कठीण असते.

६. पर्यायी उपक्रमाची निवड

सभागृहातला तीन तासांचा कार्यक्रम जसाच्या तसा पडद्यावर आणणे हा बहुतेकांच्या मनात येणारा पहिला आणि बहुधा सर्वांत वाईट पर्याय आहे. घरी बसलेला प्रेक्षक अर्ध्या तासाच्या पुढे टिकेल असे धरू नये, आणि तांत्रिक खर्च मात्र खराखुरा होतो. संस्थेकडे दोन-तीन माणसेच असतील तर काहीही न करता केवळ ‘न होणाऱ्या कार्यक्रमाचे’ गमतीदार निमंत्रण पाठवून देणगी मागणे हे त्यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक ठरू शकते.

माणसांनी आपापल्या ठिकाणी काहीतरी करून स्वतःच्या ओळखीच्यांकडून पैसे जमवणे हा प्रकार तरुणांना विशेष मानवतो. २०२० साली लंडन मॅरेथॉन पुढे ढकलावी लागली, तेव्हा तिच्या मूळ तारखेला, २६ एप्रिलला, ‘२.६ चॅलेंज’ नावाचा उपक्रम घेण्यात आला. २६ मैलांच्या शर्यतीवरून सुचलेल्या २.६ किंवा २६ या आकड्याभोवती कोणतीही कृती निवडावी आणि आपल्या पसंतीच्या धर्मादाय संस्थेसाठी पैसे जमवावेत, एवढाच नियम होता. कोणालाही जमेल असा नियम, ठरलेला एक दिवस आणि संस्था निवडण्याची मोकळीक यांमुळे त्यातून १.१ कोटी पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. तरीही हे लक्षात घ्यावे की आदल्या वर्षीच्या मॅरेथॉनमधून सुमारे ६.६ कोटी पौंड जमले होते. उत्तम रीतीने चाललेला पर्यायी उपक्रमसुद्धा मूळ कार्यक्रमाची जागा एकट्याने भरत नाही, म्हणून मागील तीन टप्पे टाळता येत नाहीत.

पर्यायी उपक्रम ठरवण्याच्या बैठकीत कॅप्टन टॉम मूर यांचे उदाहरण कोणीतरी देतेच. वयाची शंभरी गाठताना त्यांनी २०२० मध्ये आपल्या बागेत १०० फेऱ्या मारून ब्रिटनमधील आरोग्यसेवेशी संलग्न संस्थांसाठी ३.२ कोटी पौंडांहून अधिक निधी उभा केला. त्यांचे सुरुवातीचे उद्दिष्ट होते १,००० पौंड. असे घडावे म्हणून योजना आखता येत नाही. अंदाजपत्रकात त्याला जागा देऊ नये.

एखाद्या मोठ्या देणगी-दिवसाला जोडून आवाहन करावे का, हाही प्रश्न येतो. २०१२ साली सुरू झालेल्या ‘गिव्हिंग ट्यूसडे’सारख्या दिवशी लोकांच्या मनात देण्याचा विचार असतो, पण त्याच दिवशी शेकडो संस्था मागत असतात. स्वतःची ओळखीची मंडळी पक्की असलेल्या संस्थेने तो दिवस साधावा, नवख्या संस्थेने टाळावा.

सावधान: सोडत, लकी ड्रॉ किंवा बक्षिसाची तिकिटे यांना अनेक देशांत जुगार किंवा लॉटरीविषयक कायदा लागू होतो. सभागृहात चालून गेलेली गोष्ट ऑनलाइन केल्यावर परवान्याखाली येऊ शकते. आधी विचारून घ्यावे.

७. मुलांचा आणि तरुणांचा सहभाग

कार्यक्रम सभागृहात असतो तेव्हा मुले कोणासमोर उभी आहेत हे दिसत असते. ऑनलाइन आवाहनात त्यांचा चेहरा आणि त्यांची कहाणी कुठे पोहोचेल यावर संस्थेचा ताबा राहत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील १६ वे कलम मुलांच्या खासगी जीवनाला संरक्षण देते आणि १२ वे कलम त्यांच्याशी संबंधित बाबींत त्यांचे मत ऐकून घेण्यास सांगते. घाईच्या दिवसांत नेमक्या याच दोन गोष्टी मागे पडतात.

कार्यक्रमाच्या चित्रीकरणासाठी घेतलेली संमती देणगीच्या जाहिरातीला पुरत नाही. पालकांची नवी लेखी संमती घ्यावी, मुलालाही समजेल अशा भाषेत विचारावे आणि नंतर नकार दिल्यास चित्र काढून टाकले जाईल असे सांगावे. नाव, शाळा, गणवेश आणि राहण्याचे ठिकाण ही माहिती एकत्र कधीही येऊ देऊ नये. ज्या मुलाला घरच्या हिंसेमुळे किंवा व्यसनाच्या प्रश्नामुळे मदत मिळाली, त्याची कहाणी नाव बदलूनही त्याच्या वस्तीत ओळखू येते; अशी कहाणी न वापरणेच बरे.

तरुण स्वतः पैसे जमवणार असतील तर अनेक समाजमाध्यमांवर खाते उघडण्याचे किमान वय १३ आहे, आणि पैसे स्वीकारणारे खाते मात्र प्रौढाचे किंवा संस्थेचेच असावे, हे आधी स्पष्ट करावे. मुलांनी अनोळखी लोकांना वैयक्तिक संदेश पाठवू नयेत. कोणी किती जमवले याची जाहीर क्रमवारी लावू नये, कारण त्यात मुलाचे कष्ट दिसत नाहीत, त्याच्या नातेवाइकांची ऐपत दिसते.

८. पैसे येण्याची वाट तपासणे

आवाहन जाहीर करण्याच्या दोन दिवस आधी संस्थेशी संबंध नसलेल्या दोघा-तिघांना लहानशी देणगी देऊन बघायला सांगावे. त्यांतला एक फोन जुना आणि इंटरनेट मंद असावा. पान उघडायला किती वेळ लागतो, कोणत्या रकान्यापाशी बोट थांबते, क्यूआर कोड स्कॅन केल्यावर संस्थेचेच नाव दिसते की खजिनदाराचे, पावती कुठे येते, हे शेजारी बसून पाहावे आणि मध्ये काही सांगू नये. खजिनदाराचे वैयक्तिक नाव दिसले की लोक तिथेच थांबतात, आणि ते बरोबरच आहे.

देणगीच्या पानावर मासिक देणगीचा पर्याय ठेवावा. वाढलेली उलाढाल संशयास्पद वाटून खाते थांबवले जाऊ नये म्हणून बँकेला आणि गेटवेला आधी कळवावे. आवाहनाचा एकच पत्ता सर्वत्र द्यावा आणि ‘याखेरीज कोणत्याही पत्त्यावर पैसे पाठवू नयेत’ असे लिहावे, कारण गाजलेल्या आवाहनाच्या नावाने बनावट पाने निघतात.

तपासणी: चाचणीत दिलेली रक्कम बँकेच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली पाहिल्याशिवाय दुवा कोणालाही पाठवू नये.

९. आवाहन चालवणे

मुदत दोन ते तीन आठवड्यांची पुरेशी असते. पहिल्या दोन दिवसांत आधी कबूल झालेल्या देणग्या नोंदवाव्यात, म्हणजे आकडा हलताना दिसतो. मधल्या काळात ओघ आटतो. हे अपेक्षित असल्याने जुळत्या देणगीची नव्याने आठवण किंवा प्रशिक्षकाचे अनुभवपत्र यांपैकी काहीतरी त्या दिवसांसाठी राखून ठेवावे. तोच संदेश रोज पाठवणे ही येथील नेहमीची चूक आहे. ज्यांनी दिले त्यांना त्या दिवसापासून मागणीच्या यादीतून वगळावे. दिल्यानंतरही ‘अजून आपली देणगी आली नाही’ असा संदेश मिळालेला माणूस तो विसरत नाही.

उद्दिष्टापेक्षा जास्त पैसे आल्यास ते कशासाठी वापरले जातील, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे.

१०. आभार आणि हिशेब

पावती आणि आभाराचा संदेश ४८ तासांत जावा. मुदत संपल्यावर एका महिन्याच्या आत छोटा हिशेब पाठवावा: तूट किती होती, तिकिटांतून, प्रायोजकांकडून आणि आवाहनातून किती आले, किती परत केले, काय कमी पडले. कमी पडलेला आकडाही लिहावा आणि त्यामुळे कोणते काम लांबणीवर टाकले ते सांगावे.

एकदाच देणाऱ्यांना मासिक देणगीचे विचारण्याची वेळ या हिशेबानंतरची आहे, त्याआधीची नव्हे. त्याच सुमारास पुढच्या कार्यक्रमाचे कागदही सुधारून घ्यावेत: तिकिटाच्या अर्जात ‘कार्यक्रम रद्द झाल्यास रक्कम परत हवी की देणगी द्यायची’ हा रकाना, प्रायोजकाच्या करारात पर्यायी प्रसिद्धीचे कलम, आणि सभागृहाच्या करारात तारीख बदलण्याची लेखी मुभा.